पाचवं कारण

दसऱ्याला नव्या स्कूटरच्या हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू आणि पुढ्यात नारळ. गाडी पेट्रोलची की बॅटरीची, याने पूजेत फरक पडत नाही. प्रश्न पुढचा आहे. पूजा झालेली गाडी रात्री चार्जिंगला असताना पेटली, तर दोष कोणाचा?

‘नशीब’ हे उत्तर जिभेवर तयारच असतं. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान (म्हणजे जागा), कर्ता, करण (साधन), नाना चेष्टा (क्रिया) आणि दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याचा नंबर शेवटचा. पहिली चार न तपासता थेट पाचव्याला हात जोडायचे, ही श्रद्धा नव्हे, निव्वळ आळस. अर्थात एकट्या कर्त्याला धारेवर धरणंही या हिशेबात बसत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून दगावला. इथे अधिष्ठान म्हणजे राहतं घर, करण म्हणजे सेल आणि चार्जर. सेलमधला कागदासारखा पातळ पडदा निकामी झाला की आत शॉर्ट सर्किट होतं, उष्णता वाढत जाते आणि शेजारचा सेलही तापून पेटतो. चुलीतला विस्तव डोळ्यांसमोर असतो, कमीजास्त करता येतो. हा अग्नी डबाबंद. तो दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. त्याच वर्षी डिसेंबरपासून भारतात बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक होऊ लागले. म्हणजे करणाकडे लक्ष गेलं, पण आगी लागल्यावर.

अशाच लिथियम बॅटऱ्या विमानांतूनही नेल्या जातात. अमेरिकेतल्या वैमानिकांची संघटना म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशन. या वाहतुकीवर कडक बंधनं घाला, असा तिचा आग्रह. ३ सप्टेंबर २०१० रोजी यूपीएस या कुरिअर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ दुबईहून कोलोनला निघालं. थोड्याच वेळात आगीचा इशारा वाजला. वैमानिकांनी विमान मागे वळवलं, पण कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची उपकरणंही दिसेनात. विमान दुबईजवळ कोसळलं आणि दोघेही गेले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. त्यांतल्या काही खेपा धोकादायक माल म्हणून जाहीर करायला हव्या होत्या, तशा केलेल्या नव्हत्या, असं तपासात निघालं. कागदावर एक नोंद न करणं, हीसुद्धा चेष्टाच.

१ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावर बंदी आली. मालवाहू विमानांना मात्र मुभा राहिली, चार्ज तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर. खरा नैतिक पेच इथे आहे. तीनशे प्रवाशांसाठी जो धोका नामंजूर, तो दोन वैमानिकांसाठी चालतो, कारण ते पगार घेतात? वैमानिकांची मागणी साधी होती: प्रवासी असो वा मालवाहू, सुरक्षेची पातळी एकच हवी. तीस टक्क्यांच्या अटीने धोका घटतो, पण ही मागणी पुरी होत नाही. आणि उरलेल्या धोक्याला दैव म्हणायचं, तर तो कोणी, कोणाच्या वाट्याला दिला, हे आधी सांगावं लागेल.