तेलाची कुपी आणि परदेशातील संसार

शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७, ८:१-६



आदिलाबादच्या मराठी माणसाला सीमांचे बदल नवीन नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा व किनवटचा भाग मुंबई राज्यात गेला आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, २०१६ साली एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. त्या वेळी माणसे जागच्या जागी होती, सीमा तेवढ्या सरकल्या. परंतु आज माणसेच सीमा ओलांडून जात आहेत. निर्मल, खानापूर ह्या बाजूचे पुरुष कित्येक वर्षांपासून आखाती देशांत कामाला जातात. एखाद्याला बरा पगार मिळू लागला म्हणजे तो बायकोमुलांनाही घेऊन जातो, आणि मग तेथील संसाराचा खर्च कसा भागवावा हा प्रश्न उभा राहतो.

कोणी म्हणेल, हा तर पैशाचा प्रश्न, पवित्र शास्त्राशी त्याचा काय संबंध? पण शास्त्र उघडून पाहा. दुष्काळ येणार म्हणून अलीशा संदेष्ट्याने शूनेमच्या बाईला घरच्या माणसांसह परदेशी जाऊन राहण्यास सांगितले, आणि ती सात वर्षे पलिष्ट्यांच्या देशात राहिली. तेव्हा पोटासाठी देश सोडणे हा अविश्वास नव्हे. ह्याच अलीशाकडे त्यापूर्वी एक विधवा आली होती. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेणार होता. अलीशाने तिला जो मार्ग दाखवला, तो परदेशी संसार थाटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावा.

पहिली गोष्ट अशी की, घरात काय आहे हे त्याने तिला विचारले. चमत्कार नंतर झाला. मोजदाद आधी झाली. आपण मात्र मोजताना चुकतो. “अमक्याला लाखभर पगार आहे” असे गावात कौतुकाने बोलले जाते. पण घरभाडे, शाळेची फी, बसचे पैसे, गॅस, दूध हे तेथे रुपयांत द्यावे लागत नाही. मिळकत रुपयांत मोजायची आणि खर्च दिरहमांत करायचा, तर हिशेब जुळेल कसा? पगार जेथे खर्च व्हायचा आहे तेथल्याच नाण्यात मोजावा.

उदाहरण घ्या. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली असे ठरवले की, ज्याला कुटुंब आणायचे आहे त्याचा मासिक पगार निदान ४,००० दिरहम असावा, अथवा राहण्याची सोय असल्यास ३,००० दिरहम असावा. एवढ्याने परवाना मिळतो. संसार चालेल असे मात्र कोणी सांगितलेले नाही. सौदी अरबस्तानात जुलै २०१७ पासून कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क बसले. ते दर वर्षी शंभराने वाढून २०२० साली ४०० झाले. बायको व दोन मुले धरली तर महिना १,२०० आणि वर्षाचे १४,४०० रियाल, तेही चूल पेटण्याआधीच! त्याच वर्षी जुलैत तेथील मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. त्या काळात पुष्कळ परदेशी कामगारांना आपली कुटुंबे मायदेशी परत पाठवावी लागली. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभू येशूने शिकवले (लूक १४:२८), ते उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट, त्या विधवेला मुलांसह आत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले. ते काम शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवण्यासाठी नव्हते, आणि मुलांपासून लपवण्यासाठीही नव्हते. मुलांनीच तिला भांडी आणून दिली. आज आपल्या घरांत नेमके उलटे होते. तिकडचा मुलगा मोठ्या बाजारात काढलेला फोटो पाठवतो, पण महिनाअखेर उसने घेतो हे आईवडिलांना सांगत नाही. इकडे आईवडील लग्नकार्यात हात सैल सोडतात आणि नवे कर्ज काढल्याचे त्याला कळवत नाहीत. दोन्ही घरे एकमेकांपासून लपवतात, आणि सावकाराला मात्र दोघांचेही सर्व ठाऊक असते! बंधूंनो, घरे दोन असली तरी वही एक असू द्या. महिन्यातून एकदा नवराबायकोने बसून हिशेब लिहावा व इकडच्या वडील माणसांना खरे काय ते सांगावे. “यंदा पाठवता येणार नाही, बाबा,” असे म्हणण्यात कसला कमीपणा?

तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. तेल विकून आधी ऋण फेड, आणि जे उरेल त्यावर तू व तुझी मुले जगा, असा अलीशाचा आदेश होता. शेकडा तीन दराने लाख रुपये काढले तर महिन्याला ३,००० रुपये व्याज होते. वर्षाला ३६,००० देऊनही मुद्दल तसेच उभे राहते. असे कर्ज डोक्यावर असताना नवे फर्निचर घेणे म्हणजे मुलांना गहाण ठेवून घर सजवणे होय. कर्ज मुळातच कमी काढावे. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेण्याची नियमाने परवानगी आहे. ह्याहून अधिक मागणाऱ्याला लाखांनी पैसे देण्यापूर्वी थांबा व चौकशी करा.

आणि देवाचा भाग? पौल सांगतो की, ज्याला जसे यश मिळाले असेल तसे त्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:२). म्हणजे अर्पण मिळकतीच्या मानाने द्यावे, लोकांच्या अपेक्षेच्या मानाने नव्हे. गावातील मंडळीनेही हे ओळखावे. मंदिराच्या छपरासाठी पैसे हवे झाले की परदेशातल्या भावाचे नाव यादीत सर्वांत वर लिहायचे, ही रीत बरी नाही.

मंडळीचे खरे काम निराळे आहे. त्या विधवेला शेजाऱ्यांनी पैसा दिला नाही, रिकामी भांडी दिली. आणि जितकी भांडी आली तितके तेल आले. नव्या देशात उतरलेल्या कुटुंबाला आधी आलेल्या विश्वासणाऱ्याने एक खाट, दोन पातेली उसनी द्यावी, स्वस्त बाजार कोठे आहे ते दाखवावे. एवढ्याने त्यांचा पहिला महिना निभावतो.

शेवटी शूनेमच्या बाईकडे पुन्हा पाहा. सात वर्षांनी ती परत आली, राजाकडे गेली आणि आपले घर व शेत मागितले. राजाने ते तिला उत्पन्नासह परत देवविले. परदेशात राहूनही ती आपले शेत विसरली नव्हती. आपल्याकडे जाण्याच्या घाईत काळ्या मातीचे शेत विकले जाते, मग परत येणाऱ्याने काय मागावे? जाणाऱ्याने पट्टादार पासबुक जपावे आणि परतीचा दिवस मनात धरूनच खर्च करावा.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी हा धडा मुलांना अवश्य शिकवावा. वर्गात ज्यांचे वडील परदेशी आहेत अशी मुले असतील. वडिलांकडे खेळणे मागण्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यास त्यांना शिकवा.

ज्या देवाने विधवेच्या एका कुपीतून ऋण फेडले आणि उरलेल्यात तिचे घर चालवले, तो आपल्या दूरच्या व जवळच्या सर्व कुटुंबांना खरेपणाने हिशेब ठेवण्याची बुद्धी व पुरेसे अन्न देवो. आमेन.