दाराची वाट आणि तिचा कांठ

घर बांधतांना दार कोणत्या दिशेस असावें, छपरावर कौलें घालावीं कीं पत्रे, चूल कोठें मांडावी, याविषयीं घरांत चार दिवस वाद चालतो. परंतु सडकेपासून दारापर्यंत जी वाट जाते तिचा विचार बहुधा सर्वांच्या शेवटीं, आणि तोही हातांत उरलेल्या पैशांकडे पाहून होतो. ती वाट म्हणजे घराचें केवळ शेंपूट. तिच्याविषयीं विचार करण्यासारखें काय आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मनुष्य आपल्या कुटुंबांत कसा राहतो हें त्याच्या घराच्या आंत गेल्यावर कळतें. परंतु शेजाऱ्यांमध्यें तो कसा राहतो हें पुष्कळ वेळां त्याच्या दाराच्या वाटेवरूनच कळतें. म्हणून या लहानशा विषयांत एक मोठा प्रश्न आहे, तो हा : जी वाट आपण आपल्या पैशानें, आपल्या जमिनींत, आपल्या सोयीसाठीं केली, ती सर्वस्वीं आपलीच असते काय?

पुण्याच्या दक्षिणेस, सातारच्या सडकेवर, घाटाच्या पायथ्याशीं कात्रज आहे. एके काळीं तें खेडें होतें. आतां तें पुणें शहरांतच मोडतें, आणि टेकड्यांच्या उतारावर जेथें पूर्वीं गवत होतें तेथें घरें उभीं राहिलीं आहेत. अशा चढावर घर बांधणाराच्या दारीं आतां बैलगाडी येत नाहीं. मोटार किंवा फटफटी येते, आणि पावसाळ्यांत तिचें चाक रुतूं नये म्हणून पक्की वाट करावी लागते. लहान गांवांतूनही आतां हीच गरज उत्पन्न झाली आहे. अमेरिकेंत अशा वाटेच्या दोन्ही अंगांस लांकडाचे चौकोनी ओंडके आडवे बसवून तिला कांठ देण्याची चाल आहे. आमच्याकडेही बंगल्यांच्या बागांतून रेल्वेचे जुने लांकडी स्लीपर अशा कामीं लाविलेले दिसतात.

हें काम कसें करितात तें थोडक्यांत सांगतों. प्रथम दोरी धरून वाटेची रुंदी आंखितात. मोटारीसाठीं नऊ-दहा फूट पुरते. वरची मऊ माती वीतभर खोदून काढितात, कारण ज्या मातींत गवत चांगलें उगवतें ती भार सोसत नाहीं. तळाशीं मोठे दगड, त्यांवर खडी, तीवर मुरूम, असे थर घालून व पाणी शिंपून प्रत्येक थर धुमसानें ठोकितात. वाटेचा मध्य किंचित् उंच ठेवितात, म्हणजे पाणी तिच्यावर उभें राहत नाहीं. मग दोन्ही कडांस लांकडें जमिनींत थोडीं पुरून, त्यांस भोंकें पाडून त्यांतून लोखंडी सळया खालीं ठोकितात. लांकूड विचारपूर्वक निवडावें लागतें. विहिरीच्या तळाशीं बुडालेलें लांकूड पुष्कळ वर्षें टिकतें. आढ्याचें कोरडें लांकूडही टिकतें. परंतु जें वारंवार भिजतें, वारंवार वाळतें आणि नेहमीं मातीला लागून असतें तें लवकर कुजतें, आणि त्यास वाळवीही लवकर गांठते. जुना साग अशा जागीं बराच काळ तग धरतो. आंब्याची फळी तग धरीत नाहीं. रेल्वेच्या पुष्कळ स्लीपरांस क्रिओसोट नांवाचें डांबरासारखें तेल पाजलेलें असतें. तें अंगास अपायकारक आहे. यास्तव ते स्लीपर उघड्या हातांनीं हाताळूं नयेत, भाजीच्या वाफ्याजवळ बसवूं नयेत, आणि त्यांचे तुकडे चुलींत तर कधींही घालूं नयेत. ज्यास लांकूड परवडत नाहीं त्यानें खंत करूं नये. आमच्या डोंगरांत काळा दगड आहे, आणि दगडाचा कांठही तितकेंच काम देतो.

येथपर्यंत गवंड्याचें व सुताराचें काम झालें. आतां आमचा प्रश्न येतो. हा कांठ कशासाठीं? चाकाच्या भारानें खडी आणि मुरूम बाजूंस सरकतात, आणि एक-दोन पावसाळ्यांत वाट पसरून शेजाऱ्याच्या वाफ्यांत जाते. तसें होऊं नये म्हणून कांठ बसवावयाचा. म्हणजे तो शेजाऱ्यास बाहेर ठेवण्यासाठीं नसून आपला मुरूम आपल्या हद्दींत ठेवण्यासाठीं आहे. कांठ ही आपल्याच वस्तूस घातलेली वेसण आहे. हें ज्यानें ओळखिलें त्याची वाट शोभेची आणि सलोख्याची होते. ज्यानें ओळखिलें नाहीं त्याचा कांठ दरवर्षीं चार बोटें उंच होत जातो, आणि शेवटीं त्याची भिंत बनते.

पहिली कसोटी पाण्याची. ठोकून पक्की केलेली वाट पाऊस पूर्वींसारखा पीत नाहीं. आणि तिच्या दोन्ही कडांस अखंड लांकूड बसविलें म्हणजे ती वाट न राहतां पन्हळ होते. पूर्वीं जें पाणी साऱ्या उतारावर पसरून, गवतांत मुरत, हळूहळू खालीं जात असे, तें आतां एकवटून वेगानें खालच्या घराच्या उंबऱ्यावर जातें. त्यास बोल लाविला तर वरचा म्हणतो, "पाऊस देवाचा आहे, मीं काय करावें?" बाबा, पाऊस देवाचा खरा, परंतु पन्हळ तुझी आहे. १८८२ सालच्या सुखाधिकाराच्या कायद्यांतही हाच भेद आहे. वरच्या जमिनींतून स्वाभाविक रीतीनें येणारें पाणी खालच्यानें वाहूं द्यावें, असें तो कायदा सांगतो. परंतु आपण कांठ घालून जें एकवट केलें, त्यास स्वाभाविक कसें म्हणावें?

कात्रजच्या आसपास या गोष्टीची भयंकर साक्ष मिळाली आहे. जून २०१३ मध्यें घाटाजवळील शिंदेवाडी येथें, जेथें डोंगर तोडून पाण्याच्या मूळ वाटा मोडल्या होत्या, तेथें पावसाचा लोंढा राजमार्गावर आला, आणि एक आई आणि तिची तान्ही मुलगी त्यांत वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या डोंगरांतून उतरणाऱ्या आंबील ओढ्यास पूर आला. ओढ्याकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, अरण्येश्वर भागांत भिंत कोसळली, आणि त्या अतिवृष्टींत पुणें शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. हे अनर्थ कोणा एकाच्या दारच्या लांकडानें झाले असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ओढा हा शेकडों लहान उतारांच्या पाण्याचाच होतो, आणि त्या प्रत्येक उतारावर कोणी तरी मनुष्य उभा राहून असें म्हणत असतो कीं, "माझ्या एकट्याच्या पाण्यानें काय होणार?" ज्याचें घर वर आहे त्यास हा प्रश्न सोपा वाटतो. त्याचें उत्तर खालच्या घराला द्यावें लागतें.

दुसरी कसोटी माणसांची. वाट कोणाची, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घराण्यांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. ज्यांचे आजे-पणजे गांवच्या रस्त्याच्या कडेनें जात, ज्यांस विहिरीच्या कांठापासून दूर घागर धरून उभें राहावें लागे, त्यांस कांठ म्हणजे काय हें चांगलें ठाऊक आहे. कात्रजचीच गोष्ट घ्या. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत तेथील तलावाचें पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळानें पुण्यांत आणिलें, आणि शहरांत ठिकठिकाणीं हौद भरूं लागले. बांधकाम मोठें अजब होतें. पाणी आपल्याच उतारानें शहरापर्यंत येई. परंतु जें पाणी डोंगर, माती आणि दगड ओलांडून आलें, त्यास शहरांत आल्यावर जातीचा कांठ ओलांडवेना. हौद भरलेले असूनही अस्पृश्य म्हटलेल्या माणसाची घागर रिकामी राहिली.

मग १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. या गोष्टीचें एक अंग आम्हांस विशेष विचार करण्याजोगें वाटतें. तो हौद सरकारी नव्हता, पंचांचा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. म्हणजे त्यांनीं केवळ पाणी दिलें असें नव्हे. त्या पाण्यापर्यंत जाणारी आपल्या अंगणांतील वाटही दिली. सार्वजनिक तळ्याचा हक्क मागण्यास मोठें धैर्य लागतें. २० मार्च १९२७ रोजीं महाडास डॉक्टर आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारों लोक चवदार तळ्याकडे चालत गेले, तें धैर्य अपूर्व होतें. परंतु जेथें कोणी हक्क मागूं शकत नाहीं, जेथें नाहीं म्हणण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे, तेथें होय म्हणणें ही निराळ्या प्रकारची कसोटी आहे. आणि ती आपणांपैकीं प्रत्येकाच्या दारापुढें रोज उभी असते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. कोणी म्हणेल, "आम्हीं पोटास चिमटा घेऊन दोन गुंठे जमीन घेतली. आमच्या बापजाद्यांस मालकीची हद्द म्हणून कधीं नव्हती. आतां कोठें दोरी धरून ही माझी असें म्हणावयाची वेळ आली, तों तुम्ही म्हणतां कीं वाट सर्वस्वीं तुझी नाहीं! आम्ही कांठ घातला नाहीं तर उद्यां बळकट शेजारी हातभर आंत येईल." या म्हणण्यास आम्ही मान देतों. दुबळ्याची हद्द राखणें हें न्यायाचेंच काम आहे. हद्दीची खूण सारणारा शापित असो असें अनुवादाचें पुस्तकही बजावतें. म्हणून कांठ घालावा, पक्का घालावा, आणि मोजणी करून घालावा. परंतु हद्द राखणें एक, आणि दुसऱ्याची चालत आलेली वाट बुजविणें दुसरें. ज्याच्या आज्यास रस्त्यानें जाऊं दिलें नाहीं, त्यानेंच नवें घर बांधतांच मागच्या झोंपडीवाल्या म्हातारीची पायवाट लांकडें ठोकून बंद करावी, यासारखी दुःखाची गोष्ट नाहीं. जुलूम सोसणारा तेवढ्यानेंच न्यायी होत नाहीं. तो कधीं कधीं फक्त आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो.

कायद्यानें अशा तंट्यांसाठीं सोय केली आहे, ती गांवच्या उपदेशकांनीं व वडील मंडळींनीं माहीत करून घ्यावी. १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाप्रमाणें, शेताकडे जाणारी वाट किंवा पाण्याचा स्वाभाविक ओघ कोणी बेकायदेशीर अडविल्यास तहसीलदाराकडे दाद मागतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत मागितली पाहिजे. १९६६ सालच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें बांधावरून शेतांत जाण्याच्या वाटेचा निर्णय तहसीलदार करितो. परंतु कायदा भांडण झाल्यावर येतो. तो अडविलेली वाट मोकळी करूं शकतो. तिच्यावरून जाणाऱ्यास "या, बसा" असें म्हणावयास तो कोणास लावूं शकत नाहीं.

त्याच अनुवादाच्या पुस्तकांत नवें घर बांधणारास एक आज्ञा आहे, ती आमच्या विषयास फार जुळते. धाब्यास कठडा करावा, नाहीं तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा भावार्थ आहे. पाहा, कठडा हाही एक कांठच आहे, आणि तो घरधन्यानें आपल्या खर्चानें, आपल्या छपरावर, दुसऱ्याच्या जिवासाठीं करावयाचा आहे. कांठ कसा असावा याची याहून सोपी व्याख्या आम्हांस सुचत नाहीं. जो कांठ शेजाऱ्यास इजेपासून वांचवितो तो योग्य. जो आपल्यास सुखी ठेवून इजा शेजाऱ्याकडे लोटतो तो अयोग्य, मग तो सागाचा असो कीं सोन्याचा.

तेव्हां, वाचकहो, तुमच्यापैकीं जो कोणी या वर्षीं दाराची वाट करणार असेल, त्यानें सळई ठोकण्यापूर्वीं एकदां भर पावसांत त्या जागीं उभें राहून पाणी कोठें जातें तें पाहावें. मग खालच्या घरीं जाऊन त्यांस विचारावें, कारण वरून जें दिसत नाहीं तें खालच्यास ठाऊक असतें. लांकडांच्या रांगेंत जागोजाग वीतभर मोकळीक ठेवावी, आणि तेथून पाणी दगडगोटे भरलेल्या शोषखड्ड्यांत किंवा झाडाच्या आळ्यांत सोडावें. यानें शेजाऱ्याचें घर वांचेल, आणि लांकडापाशीं पाणी न तुंबल्यामुळें आपला कांठही अधिक वर्षें टिकेल. जुनी पायवाट आडवी येत असेल तेथें लांकूड जमिनीच्या पातळीस पुरावें, म्हणजे म्हातारें माणूसही न अडखळतां पलीकडे जाईल. या कामास फारसा पैसा लागत नाहीं. दोन लांकडांमध्यें वीतभर जागा सोडावी लागते, आणि मनांतही तितकीच.