पाळीआधीची तपासणी

बेल्लमपल्ली हे तेलंगणातलं, काझीपेट-बल्लारशा लोहमार्गावरचं कोळशाचं गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात, 2016पासून मंचेरियालमध्ये. भूमिगत खाणीची एक जुनी शिस्त असते. कामगारांनी काम सुरू करण्याआधी सरदार, म्हणजे सुरक्षेची जबाबदारी असलेला मुकादम, तिथली हवा तपासतो. मिथेनला रंग नाही, वास नाही. म्हणून दिव्याची वात बारीक करून ज्योतीवर निळसर टोपी चढते का, ते पाहायचं; आता त्यासाठी यंत्रं आली. काल हवा चांगली होती म्हणून आजची तपासणी टळत नाही, आणि ती करणाऱ्याला कुणी संशयी म्हणत नाही.

बारा-तेरा वर्षांच्या लेकराच्या मनाबाबत एवढी दक्षता आपण घेतो का?

या वयातलं नैराश्य दर वेळी रडत येत नाही. ते चिडतं, दार आपटतं, पोटदुखीचं कारण सांगून शाळा बुडवतं, रात्र जागून काढतं, आवडता खेळ सोडून देतं. घरात त्याला आळस म्हणतात, उद्धटपणा म्हणतात, नाहीतर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देतात. पण अशी लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज दिसली, तर ओरडणं थांबवून डॉक्टरांना भेटायला हवं. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण 7.3 टक्के आढळलं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तिघं.

असं का झालं, याचं एकच कारण शोधून कुणाला तरी दोषी धरायची घाई आपल्याला असते. खरं तर कारणं एकावर एक साचतात: घराण्यातला आजार, वयात येतानाचे बदल, वर्गातली दादागिरी, घरातली दारू आणि मार, अपुरी झोप, आईचं किंवा वडिलांचं स्वतःचं खचलेपण. वयात आल्यावर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. खाणगावात यात आणखी भर पडते. तीन पाळ्यांच्या कामात मूल जागं असताना बाप झोपलेला किंवा खाली खाणीत. 1990च्या सुमारास सिंगरेणी या इथल्या कोळसा कंपनीत लाखाहून अधिक कामगार होते. आज ते चाळीस हजारांच्या आसपास आहेत. बापामागे लेकालाही खाणीत काम मिळेल, हा भरवसा आटला की ‘शिक, नाहीतर तुझं काही खरं नाही’ हे वाक्य लवकर कानावर पडू लागतं. पलीकडे महाराष्ट्रात बल्लारपूर-राजुऱ्याच्या कोळसापट्ट्यातल्या घरांनाही ते ओळखीचं वाटेल.

ही सगळी कारणं आईबापांच्या हातातली नाहीत. ‘अभ्यास झाला का?’ याखेरीज दुसरा प्रश्न विचारणं मात्र हातात आहे. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस? झोप लागते का? आणि काळजी वाटलीच तर, जीव नकोसा होतो का, हेही स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तसं उत्तर आलं तर मुलाला एकटं सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर मराठीत आणि तेलुगूतही विनामूल्य मदत मिळते.

बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. तरी उद्या पुन्हा विचारावं. खरं उत्तर मुलं एकदाच चौकशी करणाऱ्याला देत नाहीत. विचारत राहणाऱ्याला देतात.