बोनोबोंची शांतता आणि अहिंसेचा प्रश्न

कांगो लोकशाही प्रजासत्ताकात, कांगो नदीच्या दक्षिणेकडील वर्षावनांतच आढळणारा बोनोबो हा शेपूट नसलेला कपी चिंपांझीइतकाच मानवाचा निकटचा आप्त आहे. १९७०च्या दशकात ताकायोशी कानो यांनी वांबा येथे सुरू केलेल्या अभ्यासातून आणि पुढील संशोधनातून असे दिसले की, चिंपांझींच्या टोळ्या शेजारच्या टोळीतील प्राण्यांना प्रसंगी ठार मारतात, तर बोनोबोंचे दोन समूह समोरासमोर आले की गलका होतो खरा, पण त्यानंतर पुष्कळदा उभय पक्ष एकमेकांचे केस निवडतात, समागम करतात आणि एकाच झाडाची फळे खातात. या वर्तनाला अहिंसा म्हणावे काय?

भारतीय परंपरेतील एक प्रबळ मत पशुजन्माला भोगयोनी, म्हणजे केवळ पूर्वकर्माची फळे भोगण्याचा जन्म मानते आणि नवे पापपुण्य जोडण्याचा अधिकार मनुष्याच्या कर्मयोनीपुरता राखून ठेवते. रिचर्ड रँगम यांचे गृहीतक या मताला वरवर पाहता पोषकच आहे. नदीच्या दक्षिणेस गोरिला नसल्यामुळे जमिनीवरील पालेभाज्यांसारखे खाद्य बोनोबोंना विनास्पर्धा मिळाले, माद्यांना एकत्र राहणे परवडले आणि त्यातून सौम्य समाज घडला, असे ते सुचवतात. तसे असेल तर ही शांतता सुबत्तेचे फळ ठरते, आणि सुबत्तेचे श्रेय कोणी पुण्य म्हणून मागत नाही.

परंतु बोनोबोंमध्ये आक्रमकता नाही, असे मुळीच नाही. कोकोलोपोरी येथील नरांची आपसांतील भांडणे गोंबे येथील चिंपांझींपेक्षा अधिक वारंवार होतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वयात येताच जन्मसमूह सोडून आलेल्या, एकमेकींशी बहुधा रक्ताचे नाते नसलेल्या माद्या युती करून उन्मत्त नराला आवरतात. म्हणजे येथे राग आहे आणि त्याला धाकही आहे. मात्र दुसऱ्याच्या धाकाने आवरलेला हात ही दंडनीती होय, आत्मसंयम नव्हे. पतंजलींनी अहिंसेला यमांत, म्हणजे संयमरूप आचारांत, पहिले स्थान दिले आणि जात, देश, काल व प्रसंग यांनी मर्यादित न होणाऱ्या यमांनाच महाव्रत म्हटले. लहान कुरंगे मारून खाणारा बोनोबो या कसोटीस उतरत नाही. अर्थात बहुसंख्य माणसेही उतरत नाहीत, ही गोष्ट भोगयोनीचा सिद्धांत मांडणारे सोयीस्करपणे विसरतात.

जैन विचार येथे अधिक सावध आहे. मन असलेला पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे मानवेतर प्राणी, आंशिक व्रते पाळू शकतो आणि आत्मविकासाच्या चौदा पायऱ्यांपैकी, अर्थात गुणस्थानांपैकी, पाचव्या पायरीपर्यंत पोहोचू शकतो, असे तो मानतो. त्यामुळे माणूस आणि पशू यांच्यामध्ये भिंत न राहता चढण राहते. वांबा येथे दोन माद्यांनी परक्या समूहांतून आलेली पिल्ले सांभाळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. अशा संगोपनाचा उलगडा धाकाने होत नाही, आणि मादीचे स्वतःच्या पिल्लाविषयीचे वात्सल्य परक्या पिल्लाकडे का वळले, हेही केवळ सुबत्तेने सांगता येत नाही. व्रताला संकल्प लागतो आणि बोनोबोच्या संकल्पाचा पुरावा नाही, म्हणून त्याला व्रती म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु त्याला निव्वळ भोगयोनीत टाकणे हे उपलब्ध निरीक्षणांशी त्याहूनही विसंगत आहे.