पुठ्ठ्याचा टेकू

'टेकू' या शब्दाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. तुळई वाकली की टेकू द्यायचा. सरकार डळमळले की कोणीतरी त्याला टेकू देतो आणि वर्तमानपत्रे ती बातमी थट्टेच्या सुरात छापतात. कोकणातल्या जुन्या घरांतून मात्र हा टेकू एकदा लागला की पंधरा-पंधरा वर्षे हलत नाही. त्याला खिळा ठोकून छत्री टांगतात, मुले त्याच्याभोवती शिवाशिवी खेळतात, आणि घरात नवी सून आली तर तिला तो मूळचा खांबच वाटतो. तुळई बदलण्याची गोष्ट दर पावसाळ्यात निघते आणि दर दिवाळीला विसरली जाते. टेकू देणे हे पुण्य की ती एक आळसाला दिलेली सवलत, हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला. तो ज्या टेकूमुळे पडला तो लाकडाचा नव्हता, पुठ्ठ्याचा होता.

मी पेणला राहतो आणि रोह्याच्या बाजूच्या एका गावात शिकवतो. शाळेत गोष्टींची पुस्तके आहेत. थोडीथोडकी नव्हेत, चांगली साडेतीनशे. ती ठेवायला मांडणी नव्हती, म्हणून ती खोक्यांत भरून टेबलाखाली सारलेली असत. खोक्यातले पुस्तक म्हणजे विहिरीतले पाणी. दोर-बादली ज्याच्या हाती, त्यालाच ते मिळते. आणि तिसऱ्या थरातले पुस्तक काढायचे तर वरची तीस उपसावी लागतात. मुले उपसत नसत. कपाटासाठी आम्ही अर्ज केले होते. अर्ज कुठे गेले हे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी अर्ज केला आहे त्या वाचकांना ते ठाऊकच आहे.

मोडक्या बाकांच्या चार फळ्या मात्र पडून होत्या. फळ्या आहेत, पुस्तके आहेत, मध्ये आधार नाही. विटा लावाव्यात तर त्या मुलांच्या पायांवर पडण्याची धास्ती. आणि वाण्याच्या दुकानामागे खोक्यांचा ढीग.

या पुठ्ठ्याचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. दोन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये पन्हळी पत्र्यासारखा लाटा असलेला तिसरा, अशी त्याची बांधणी. यातला एकेक कागद इतका लेचापेचा की उभा धरला तरी मान टाकतो. पण मधल्या लाटा दोन्ही बाजूंच्या कागदांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवतात, आणि ज्या दिशेने पन्हळी जातात त्या दिशेने भार घातला तर प्रत्येक पन्हळ एका बारीक खांबाचे काम करते. आडवा घातला तर तोच पुठ्ठा दबतो. म्हणून पहिला नियम असा की, पन्हळी उभ्या राहिल्या पाहिजेत. दुसरा नियम घडीचा. एकटा पुठ्ठा उभा केला तर मध्येच पोक काढून वाकतो; त्याला त्रिकोणात दुमडला की प्रत्येक बाजू दुसरीला वाकू देत नाही.

आम्ही अकरा इंच उंच आणि बत्तीस इंच लांब पट्टी कापली. दर आठ इंचांवर चमच्याच्या दांड्याने दाब देऊन रेघ ओढली. रेघ कापायची नाही. कापली की वरचा कागद जातो आणि घडीतला जीव जातो. तीन बाजू झाल्यावर चौथे आठ इंच पहिल्या बाजूवर चढवून खळीने चिकटवले. खळीत चिमूटभर मोरचूद. ही जुन्या पुस्तकबांधणीवाल्यांची युक्ती, कसर आणि झुरळे लांब राहावीत म्हणून. मुलांना सांगितले होते की मोरचूद विष आहे, त्याला हात लावायचा नाही; ते काम माझ्याकडे. असे तीन टेकू एका फळीखाली, दोन टोकांना आणि एक मध्ये. मधला नसेल तर टेकू शाबूत राहतात आणि फळीच झोळ खाते.

विश्वास कोणाचाच नव्हता. वाण्याच्या काट्यावर आमची एक फूट पुस्तके सात किलोंच्या वर भरली. म्हणजे तीन फुटी फळीवर वीस-बावीस किलो. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी बत्तीस किलो आहे." एका टेकूवर पाट ठेवून तो भिंतीला हात लावून चढला, मग हात सोडले. टेकू हूं की चूं करीना. नंतर त्याच मापाचा, पण पन्हळी आडव्या ठेवून केलेला दुसरा टेकू आणला. त्यावर एक पाय ठेवताच तो पापडासारखा मोडला. पदार्थविज्ञानाचा तो धडा फळ्यावर चार तास घालवूनही इतका बसला नसता.

कागदाच्या या बळाचा शोध काही आमचा नव्हे. इंग्लंडात १८५६ साली पन्हळी कागदाचे पेटंट घेतले गेले ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ साली अमेरिकेत बाटल्या आणि दिव्यांच्या चिमण्या गुंडाळायला तो कामी आला. जपानच्या शिगेरू बान या वास्तुशिल्प्याने तर १९९५ च्या कोबे भूकंपानंतर कागदी नळ्यांची घरे उभारली, आणि २००१ च्या भूकंपानंतर आपल्या भुजजवळही. कोबेला त्याने कागदी नळ्यांचे एक चर्च बांधले होते. तात्पुरते म्हणून बांधलेले ते चर्च दहा वर्षे टिकले, २००५ साली सोडवून तैवानला नेले आणि तिथे पुन्हा उभे केले. आपल्याकडे 'आरंभ' या संस्थेने २०१४ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी टाकाऊ खोक्यांचे दप्तर केले. ठराविक आकारात कापून दुमडले की दप्तर. जमिनीवर बसल्यावर तेच उलगडून उतरते मेज. दर नगाला दहा रुपयांहून कमी खर्च. वह्या मांडीवर घेऊन पाठीला पोक आलेल्या मुलांसाठी ही केवढी सोय, हे शिक्षकाला निराळे सांगायला नको.

आमची मांडणी उभी राहिली, पुस्तके वर चढली, मुले पाने चाळू लागली. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शाळेतले एक वडीलधारे सहकारी सगळे पाहून म्हणाले, "छान केलेत. आता कपाट कधीच येणार नाही."

मी म्हटले, "का?"

"कारण आता गरज दिसत नाही. टेबलाखालची खोकी पाहून निदान एखाद्या साहेबाला लाज वाटली असती. आता तो येईल, फोटो काढील आणि तुमचे कौतुक करील. तुम्ही मुलांना काय शिकवलेत सांगू? गरिबाला पुठ्ठ्याचे चालते."

हे बोल मला लागले आणि अजूनही ते पुरते निघालेले नाहीत. माणूस आपल्या हिकमतीने अडचण निभावून नेतो, तेव्हा अडचण दूर करणे ज्याचे कर्तव्य आहे त्याची तो सुटकाच करीत असतो काय? आईने चार चपात्यांत सहाजणांना जेवू घातले तर तिच्या हातगुणाचे आपण गोडवे गातो. पाचवी चपाती का नव्हती हे विचारीत नाही. आपल्या दिवाळी अंकांतून असे गोडवे पुष्कळ गाइले गेले आहेत, आणि काटकसरीच्या कौतुकात अन्यायाला पांघरूण घालण्याचे काम आम्हा लेखकमंडळींनीही थोडेथोडके केलेले नाही.

पेण तालुक्याला तर या बाबतीत एक थोर वारसा आहे. गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. १८९५ साली ते तिथे जन्मले. पुढे पवनारच्या आश्रमात १९५० च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, म्हणजे पैशावाचून, स्वतःच्या श्रमावर जगण्याचा. साधेपणाची बाजू मांडणाऱ्याला विनोबांचे नाव घेण्याचा मोह होतो. मला तो झाला आणि मी तो आवरला. कारण विनोबांनी कांचन सोडले होते. आमच्या मुलांनी कपाट सोडलेले नाही, ते त्यांना मिळालेलेच नाही. उपास आणि उपासमार यांत पोटाला एकच कळ येत असली तरी त्या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. जे माझ्या हाती आहे ते मी सोडले तर तो संयम. जे दुसऱ्याला मिळायला हवे ते मिळाले नाही आणि त्यालाच मी संयम शिकवू लागलो, तर ती लबाडी होईल. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा आमचे मागणे दानाचे नव्हते.

मग टेकू काढून टाकायचा? पुस्तके पुन्हा खोक्यांत भरून साहेबाच्या लाजेची वाट पाहायची? सहकाऱ्यांच्या युक्तिवादाचे टोक तिथे जाते, आणि तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. कारण दरम्यान पाचवीतली मुलगी सहावीत जाते, सहावीतली सातवीत. तिचे गोष्टी वाचण्याचे वय कोणत्याही कचेरीसाठी थांबत नाही. मोठ्यांना जाग यावी म्हणून लहानांना उपाशी ठेवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

तेव्हा आम्ही एक केले. प्रत्येक टेकूच्या दर्शनी बाजूवर मुलांनी जाड अक्षरांत लिहिले: 'हा टेकू आहे. कपाटाचा अर्ज केला, तारीख अमुक.' पुढे अर्जाचा क्रमांक. फळीवरची पुस्तके पाहणाऱ्याला ते वाचल्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या घरांतला टेकू खांब बनतो, कारण त्याच्यावर तारीख नसते. सहकाऱ्यांना ही युक्ती थोडी पटली, थोडी नाही. "साहेब फोटो काढताना तेवढा भाग वगळतील," असे ते म्हणाले. तसे एकदा झालेही.

तारखेची दुसरी आठवण आमचा पावसाळा देतो. जूनपासून हवा अशी ओली होते की मीठ पाझरते आणि आगकाडी ओढता ओढत नाही. अशा हवेत पुठ्ठ्याचे बळ निम्म्यावर येते. शिवाय सतत भाराखाली राहून तो हळूहळू दबत जातो. पुठ्ठ्याचे थर ज्या स्टार्चने चिकटवलेले असतात त्यावर वाळवीची नजर असतेच. म्हणजे दर वर्षी दिवाळीनंतर टेकू बदलावे लागतात, आणि बदलताना अर्जाची नवी तारीख घालावी लागते. ही कटकट आहे खरी. पण बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे स्टूल त्याजागी ठेवावे असे सुचवणाऱ्या एका पालकांना मी नको म्हटले, ते याच कटकटीसाठी.

टिकाऊ नाही ते हलक्या हाताने करावे, असे मात्र मी मानत नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून, हमरापूर-जोह्याच्या घरांघरांतून, मी डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरांना तासन् तास पाहिले आहे. शाडूची ती मूर्ती दीड दिवसांनी पाण्यात जायची असते. म्हणून कोणी बुबुळ वाकडे काढीत नाही. उलट, प्लॅस्टरची मूर्ती विरघळत नाही म्हणूनच तिचा वाद कोर्टापर्यंत गेला. आमच्या मुलांनाही कड तिरपी कापलेला टेकू मी परत करायला लावतो. कड तिरपी असली तर सगळा भार एका कोपऱ्यावर येतो आणि तिथून तो चिरडतो.

आता राहिला कपाटाचा मुद्दा, आणि त्याबद्दल माझ्या मनात एक चोरटा विचार आहे तो सांगून टाकतो. लोखंडी कपाटाबरोबर कुलूप येते. पुस्तक हरवले तर भरपाई शिक्षकाच्या माथी, म्हणून किल्ली टेबलाच्या खणात, आणि पुस्तके जाळीआड सुखरूप. अशी कपाटे मी पुष्कळ शाळांतून पाहिली आहेत. त्यांतल्या पुस्तकांची पाने अजून कोरी करकरीत आहेत. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच पुस्तके वापरासाठी आहेत हा. पुठ्ठ्याच्या मांडणीला कुलूप लावता येत नाही, ही तिची मला सर्वांत आवडलेली खोड आहे. गेल्या वर्षी नऊ पुस्तके हरवली. त्यांतली चार पावसाळ्यानंतर परत आली, एकाच्या पानांत भाताची लोंबी होती.

तरी कपाट मागायचेच. ते आले की किल्ली कोणाकडे राहील, हे भांडण आम्ही तेव्हा करू. ते भांडण करण्याची संधी आम्हाला मिळाली पाहिजे.

यंदा मधल्या फळीखालचे दोन टेकू बसले आहेत आणि खालचा एक उंदराने कुरतडला आहे. फराळासाठी आलेल्या तेलाच्या पिशव्यांची जाड, पाच थरांची खोकी वाण्याने बाजूला ठेवली आहेत. बत्तीस किलोंचा तो मुलगा आता रोह्याच्या शाळेत जातो. सुट्टीत येऊन नव्या पोरांना चमच्याने रेघ कशी ओढायची ते दाखवीन, असे त्याने कबूल केले आहे. वजन मात्र वाढले आहे म्हणतो, एकोणचाळीस.