सोडून दिलेला ढग

ढगात विमानानं फवारा मारला आणि पाऊस पडला, की माणसं म्हणतात विमानानं पाडला. पण तो ढग न मारताही पडणारच होता का? एकदा बरसलेला ढग मागं नेऊन पुन्हा बघता येत नाही. मग विमान आलं म्हणून पाऊस आला म्हणणं आणि कोंबडा आरवला म्हणून उजाडलं म्हणणं सारखंच.

म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर काही ढग मुद्दाम सोडून द्यावे लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरला तेच केलं. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. ढग येतात, दिसतात आणि पुढं निघून जातात. तिथं 276 ढग निवडले. कोणत्या ढगाच्या बुडाशी कॅल्शियम क्लोराईडची नळकांडी पेटवायची आणि कोणता तसाच जाऊ द्यायचा, हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. त्या धुरातले कण ओल ओढून घेतात. त्यांच्याभोवती थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळून जड होतात आणि खाली येतात. मुळात ढगच नसेल तर मात्र काही उपयोग नाही.

आता माझ्या मनातला सवाल असा. ज्याच्या रानावरचा ढग चिठ्ठीत कोरा निघाला, त्यानं काय करावं? त्याची तूर माना टाकतीय, वर पाणी घेऊन ढग उभा आहे, विमानात औषध आहे, आणि वैमानिक ते न पेटवता माघारी फिरतो. हा न्याय म्हणायचा का?

मला वाटतं, म्हणायचा. नवं खत आलं तर शहाणा शेतकरी सगळ्या रानाला टाकत नाही. चार सऱ्या कोऱ्या ठेवतो, नाहीतर पीक खतानं आलं की पावसानं, हे कळणार कसं? आणि औषध लागू पडतं हे ठरलेलंच नाही, तोवर कुणाच्या तोंडचं काढून घेतलं असं होत नाही. चिठ्ठी नसती तर ढग पुढाऱ्याच्या गावाचे निवडले गेले असते, नाहीतर पडायच्या बेतात असलेले.

पण एक फरक आहे. कोऱ्या सऱ्या माझ्या असतात, तोटा मी माझ्या हातानं घेतो. तो ढग दुसऱ्याच्या शिवारावरचा असतो. ढग तासाभरात विरतो, तेवढ्यात कुणाला विचारणार, हे खरं. पण हंगामाआधी चावडीवर सांगता येतं, की बाबांनो, यंदा असं करणार आहोत आणि काही ढग सोडणार आहोत. आणि निकाल लागला की तोही तिथंच सांगितला पाहिजे, चांगला असो नाहीतर वाईट.

सोलापूरचा निकाल 2023 मध्ये आला. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी 18 टक्के जादा पाऊस. म्हणजे 10 मिलिमीटर पडायचा तिथं बाराच्या आत-बाहेर. दुष्काळ हटवणारा नव्हे, पण एखाद्या वेळी पीक तगवणारा. हा आकडा जितका विमानानं मारलेल्या ढगांचा आहे, तितकाच सोडलेल्या ढगांचा आहे. त्यांच्याशी ताडून पाहिलं नसतं तर तो निघालाच नसता. पुढं कधी या विद्येचं पाणी वाटायची वेळ आली, तर त्या कोऱ्या ढगांखालच्या गावांचा नंबर आधी लागावा, एवढं माझं म्हणणं आहे.