कामाची आठवण कोण ठेवतं?

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत कामगिरीचं सर्वांत काटेकोर मोजमाप कुठे होत असेल, तर ते वीटभट्टीवर. दिवाळी उरकली की कातकरी वाड्यांमधली कुटुंबंच्या कुटुंबं भट्ट्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीने किती विटा पाडल्या त्याचा हिशेब हजाराच्या दराने होतो, मोडक्या-वाकड्या विटा वजा होतात. इथे साहेबाची मर्जी सांभाळायची नसते आणि ‘स्वतःच्या बलस्थानांविषयी दोन ओळी लिहा’ असा रकानाही नसतो. पावसाच्या तोंडावर भट्टी बंद होते तेव्हा आधी घेतलेली उचल, आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा यांचा मेळ घातला जातो. अंगावर बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामावर जाते. माणसाची उचल मालकाच्या वहीत वर्षानुवर्षं टिकते. त्याच्या हातातलं कसब त्या वहीत कधीच चढत नाही. वीस हंगाम भट्टीवर काढलेला माणूस एकविसाव्या हंगामाला पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच उभा असतो.

व्यवस्थापनाची पुस्तकं सांगतात की काम मोजलं की ते सुधारतं, सुधारलं की माणूस वर चढतो. भट्टीवर मोजमाप चोख आहे, हातही वर्षागणिक सुधारतो, पण चढायला काही नाही. म्हणजे मोजमाप आणि बढती यांच्यामध्ये आणखी काहीतरी लागतं, आणि त्याविषयी ही पुस्तकं फारसं बोलत नाहीत. माझ्या मते ती गोष्ट म्हणजे संस्थेची स्मरणशक्ती. आज केलेलं काम पाच वर्षांनीही कुणाच्या तरी कागदावर असणं आणि त्या आधारावर पुढचं, अधिक जोखमीचं, अधिक मोबदल्याचं काम मिळणं, याला आपण करिअर म्हणतो. माणूस ते एकट्याने घडवू शकत नाही. दुसऱ्या कुणाला तरी त्याची आठवण ठेवावी लागते.

या मुलखात विसरण्याची परंपरा जुनी आहे. कर्जतच्या वर बोरघाटातला लोहमार्ग 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचं नाव इतिहासात नोंदलेलं आहे. घाटाचा ठेका आधी विल्यम फॅविएल यांच्याकडे होता. मजुरीच्या थकबाकीवरून 1859 मध्ये मजुरांनी दंगा केला आणि फॅविएल ठेका सोडून गेले. मग सॉलोमन ट्रेडवेल आले, काही आठवड्यांतच वारले, आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते काम तडीस नेलं. हीही नोंद आहे, आणि असायलाच हवी. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास माणसं या डोंगरात राबत होती. पटकीने, तापाने, सुरुंगाने हजारो मेली. ती सगळी मुकादमांमार्फत आलेली होती. मुकादमाच्या वहीत त्यांची संख्या असे, रेल्वेच्या दप्तरात तीही धड नसे.

त्याच घाटात आज रेल्वेची कायम नोकरी करणारे ट्रॅकमन आहेत आणि त्यांची गोष्ट निराळी आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, सदतिसास एक असा चढ चढून गाडी लोणावळ्याला पोचते, आणि खिडकीत बसलेला प्रवासी धबधब्यांचे फोटो काढतो. ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ या टप्प्यांत पावसाळाभर गस्त चालू असते. पावसाळ्याआधी हिल गँगचे लोक दोरांनी कडे उतरून सैल झालेले धोंडे शोधून पाडतात. यांच्या चांगल्या कामाचा पुरावा कोणता? काहीच न घडणं. जो धोंडा रुळावर आला नाही, तो कुणी आणि किती शहाणपणाने आधीच पाडला, हे वार्षिक अहवालात कसं लिहायचं? 2019 च्या पावसात मंकी हिलजवळ मार्ग खचला, कितीतरी गाड्या रद्द झाल्या आणि घाटाची बातमी झाली. ज्या वर्षी बातमी होत नाही, त्या वर्षी या माणसांनी काय केलं, असा प्रश्न कोणी विचारत नाही.

अलीकडे गस्तीवाल्याच्या हातात जीपीएसचं यंत्र आलं. त्यामुळे तो किती चालला आणि कुठे थांबला, हे कळतं. त्याचा उपयोग आहे, विशेषतः धुक्यात एकट्याने चालणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी. पण कड्यावरून गढूळ पाणी येऊ लागलंय, म्हणजे वर माती सुटतेय, हे त्याला दिसलं की नाही, ते यंत्राला कळत नाही. ते शेजारच्या बीटच्या माणसाला आणि मुकादमाला कळतं. रेल्वेकडे निदान शिडी आहे. ट्रॅकमनचा कीमन होतो, कीमनचा मुकादम होतो, खात्यांतर्गत परीक्षा देऊन त्याही पलीकडे जाता येतं. ज्येष्ठतेला आपण हल्ली आळशांचा आसरा म्हणून नावं ठेवतो. घाटात मात्र वीस पावसाळे पाहिलेला माणूस म्हणजे दप्तरात न मावणारी माहिती असते, आणि ज्येष्ठता ही त्या माहितीची, कितीही ओबडधोबड असली तरी, पोचपावती असते.

सरकारी नोकरीत स्मरणशक्ती दांडगी असते, दोष तिच्या गुप्ततेत होता. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्या पिढ्या ‘सीआर’ म्हणजे गोपनीय अहवाल ‘बिघडला’ या धास्तीत निवृत्त झाल्या. साहेबाने काय शेरा मारला ते ज्याच्याविषयी लिहिलं त्यालाच ठाऊक नसे. सीमा रस्ते संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या 1993-94 च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळवलाही नव्हता, आणि त्याच शेऱ्याने त्यांची बढती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं की वाईट असो वा चांगली, प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे. तारीफही दडवली तर घात करू शकते, हे त्या निकालाने ओळखलं. आपल्याविषयीची आठवण वाचण्याचा आणि तिच्याशी भांडण्याचा हक्क त्यातून मिळाला. महाराष्ट्र शासनाच्या 10-20-30 वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेची कुणी कितीही थट्टा केली, तरी पद रिकामं नसताना माणसाची वर्षं मोजण्याची ती एक रीत आहे.

पहाटेची कर्जत लोकल पकडून मुंबईच्या कचेऱ्यांत जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना एप्रिल आला की रेटिंग मिळतं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी माणसं वरची 20, मधली 70 आणि खालची 10 टक्के अशी विभागली आणि जगभरच्या कंपन्यांनी तो कित्ता गिरवला. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये आपली क्रमवारीची पद्धत मोडीत काढली. त्याच्या कितीतरी आधी डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग वार्षिक मूल्यमापनाला व्यवस्थापनाच्या जीवघेण्या रोगांत गणत होते. लाल आणि पांढऱ्या मण्यांच्या त्यांच्या प्रयोगात कामगाराच्या हाती लाल मणी किती आले, हे त्याच्या मेहनतीवर नव्हे तर पेटीत मुळात किती लाल मणी घातले होते त्यावर ठरत असे. आपल्याकडे पेटी कुणी भरली हे न विचारता मणी मोजण्याची हौस अजून फिटलेली नाही. पण या वर्गाची फार काळजी करायचं कारण नाही. त्यांच्या हाती नेमणूकपत्र असतं, अनुभवपत्र असतं, आणि रेटिंग पटलं नाही तर दुसरीकडे अर्ज करता येतो.

एक वर्ष हे मुळात फार आखूड माप आहे, हे पाहायला कर्जतच्या भात संशोधन केंद्रात जावं. 1919 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. कर्जत-3 किंवा कर्जत-7 ही नावं कोकणातल्या शेतकऱ्याला एखाद्या मंत्र्याच्या नावापेक्षा जास्त ओळखीची आहेत. दोन वाणांचा संकर करायचा, पिढ्यान्पिढ्या निवड करत जायचं, मग केंद्रावर, इतर ठिकाणी आणि शेवटी शेतकऱ्यांच्या खाचरात चाचण्या घ्यायच्या, या सगळ्याला सहज दहा-बारा वर्षं जातात. संकर करणारा शास्त्रज्ञ एक, वाण प्रसारित होताना हजर असलेला बहुधा दुसरा. पहिल्याने तिसऱ्या वर्षी काय ‘साध्य’ केलं? त्याच्या अहवालात लिहायला शोधनिबंध असतील, भाताचा नवा वाण नसेल. तरीही काम पुढे जातं, कारण प्रत्येक वाफ्याची आणि ओळीची नोंद असलेल्या प्रक्षेत्र-वह्या माणूस बदलला तरी केंद्रातच राहतात. भाताच्या ओंबीतली फुलं कात्रीने कापून, पुंकेसर काढून संकर करणारे हात पुष्कळदा रोजंदारीवरच्या माणसांचे असतात. वाफ्याची आठवण ठेवणारी वही त्या हातांची आठवण ठेवते का, हा प्रश्न कर्जतपुरता नाही.

आता खाली पाताळगंगेच्या काठी येऊ, कारण या भागातल्या बहुतेक तरुणांचं भवितव्य तिथे आहे. खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 मध्ये सुरू झालं. त्याच्या चक्रांवरून आलेल्या पाण्याने पाताळगंगा बारमाही झाली आणि त्या पाण्याच्या आधाराने पुढे पोलाद, रसायनं, कापडाचे धागे, औषधं असे कारखाने उभे राहिले. रसायनी या वसाहतीचं नावच त्या उद्योगातून आलं. एकेकाळी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये चिकटलेला माणूस हेल्परचा ऑपरेटर होत, पाळ्या करत, क्वार्टरमध्ये मुलं वाढवत निवृत्त होई. केंद्र सरकारने 2017 मध्ये रसायनीचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. फक्त रॉकेटच्या इंधनासाठी लागणाऱ्या रसायनाचा विभाग इस्रोकडे गेला. संस्था अशी संपते तेव्हा तिथल्या माणसांच्या कामाचा साक्षीदारही संपतो.

आज त्या पट्ट्यात काम मिळतं ते बहुतेक ‘कॉन्ट्रॅक्टवर’. आयटीआय झालेला चौकचा किंवा वावोशीचा मुलगा एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर सात-आठ वर्षं असतो. या काळात ठेकेदार तीनदा बदलतो. मुलगा तोच, यंत्र तेच, गेटपासवरचं नाव मात्र नव्या फर्मचं आणि कामाचा पहिला दिवस कालचा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद आहे. ती लागू होऊ नये म्हणून मधे ‘ब्रेक’ देण्याची चलाखी प्रत्येक औद्योगिक वसाहतीला माहीत आहे. ब्रेक म्हणजे ठरवून केलेलं विस्मरण. कंत्राटी कामगारांविषयी 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीत सामावले जाणार नाहीत. तेव्हापासून हा रस्ता आणखी अरुंद झाला.

शिफ्टमध्ये यंत्र अडलं की अभियंता हाक मारतो ती या मुलालाच. त्याचं कसब कंपनीला ठाऊक असतं, कंपनीच्या कागदाला नसतं. दुसरीकडे मुलाखतीला गेला तर दाखवायला काय आहे? पगाराच्या चिठ्ठ्या असल्या तर असल्या. 2014 मध्ये भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आला. तो ठेकेदार बदलला तरी माणसाबरोबर राहतो, आणि म्हणूनच माझ्या लेखी तो अलीकडच्या काळातल्या मोठ्या कामगार-सुधारणांपैकी एक आहे. पण तो पैसे लक्षात ठेवतो, बॉयलर सांभाळल्याचं लक्षात ठेवत नाही.

अशा मुलाला ‘आपलं करिअर आपणच सांभाळा, नवी कौशल्यं शिका’ असं सांगायला वक्ते येतात. सल्ला चुकीचा नाही. डायरी ठेवावी, कोणतं यंत्र, कोणती दुरुस्ती, कोणत्या तारखेला, हे लिहावं. शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र जपावं. मीही हेच सांगेन. पण स्वतः लिहिलेल्या डायरीवर तिसऱ्याची सही नसते, आणि नोकरी देणारा विश्वास ठेवतो तो सहीवर. ज्याच्याकडे सहीचा अधिकार आहे त्याला सोडून ज्याच्याकडे नाही त्याला उपदेश करणं सोपं पडतं, एवढंच.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. कामगार संघटनांचे त्यांवर गंभीर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. तरी व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत दोन तरतुदी आहेत ज्यांच्याकडे या दोन तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी आणि संघटनांनी नीट पाहावं. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, ही एक. कंत्राटी कामगाराने मागितल्यास ठेकेदाराने त्याला केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभव-प्रमाणपत्र द्यायचं, ही दुसरी. जुन्या नियमांतही सेवा-प्रमाणपत्र होतंच. किती जणांच्या हाती पडलं ते कुणालाही विचारा. ग्यानबाची मेख ‘मागितल्यास’ या शब्दात आहे. ज्या ठेकेदाराच्या तोंडच्या शब्दावर उद्याची पाळी अवलंबून, त्याच्याकडे लेखी कागद कोण मागणार? म्हणून हे काम मूळ कंपनीने गेटवर करावं. कोण कोणत्या विभागात किती दिवस होता, सुरक्षेचं कोणतं प्रशिक्षण त्याने घेतलं, त्याची वैद्यकीय तपासणी कधी झाली, हे सगळं मोठ्या कारखान्यांच्या गेटवर आजही नोंदलेलं असतं, कारण अपघात झाला तर ते दाखवावं लागतं. त्याच नोंदीत कामाचा एक रकाना वाढवून, वर्षातून एकदा, न मागता, शिक्क्यासह तिची प्रत कामगाराच्या हातात द्यायला कंपनीला एका कागदापेक्षा जास्त खर्च येत नाही.